उदारामची पाठ

गोंदियाच्या हॉलमध्ये डिंपलचं पहिलंच प्रदर्शन भरलं होतं आणि सगळं माणसाच्या अंगाबद्दल होतं. भिंतींवर रंगवलेले हात, भेगाळलेल्या टाचा, वाकलेल्या माना. मधोमध तिच्या वारलेल्या बापाचा, उदारामचा, मातीचा पुतळा. पाहणारे म्हणत, आत्ता बोलेल बघा.

उदारामची बायको धुरपताबाई मात्र तोंडाकडे धड न बघता सरळ पुतळ्याच्या मागे गेली, आणि भडकलीच.

"डिंपल, पाठ काऊन नाही केली वं?"

मागची माती नुसती सपाट थापलेली होती.

"माय, बाबाचे फोटो सगळे समोरूनच होते ना."

फोटोवाल्याला काय ठाऊक! धानाच्या बांध्यांमधला धुरा, चालायचा बांध, जेमतेम एका पावलाचा. उदाराम पुढे, डोक्यावर टोपली घेऊन ती मागे, असाच सारा जन्म गेला. नवऱ्याचं तोंड तिनं दिव्याच्या उजेडात काय पाहिलं असेल तेवढंच. दिवसभर डोळ्यांपुढे असायची ती पाठ, घामानं चिकटलेला सदरा आणि उजवीकडे झुकलेला खांदा.

तिनं त्या कोऱ्या मातीवर तळवा ठेवला. लोक बघत होते, तर बघोत.

"चाला ना जी समोर," ती हळूच म्हणाली, "मी मांगंच येऊन राहिली."