श्रावणजींची सही

पहिल्या भेटीत श्रावणजी माणसाच्या तोंडाकडे पाहत नसत, पायांकडे पाहत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माझी पुण्याहून नागपूरला बदली झाली, लकडगंजजवळच्या एका सरकारी कचेरीत. दुसऱ्या की तिसऱ्याच दिवशी चहाच्या टपरीवर एक पन्नाशीचा, अंगभर लाकडाचा भुसा लागलेला माणूस माझ्या चपलांकडे टक लावून पाहत उभा. मला वाटलं, चपला त्याच्याच निघाल्या की काय! तेवढ्यात तो म्हणाला, "डाव्या पायाचे दिसता. फुटबॉल खेळले का कधी?" मी नाही म्हटलं. त्याने मनापासून हळहळत मान हलवली. "वाया गेले न बाप्पा," म्हणाला आणि चहा पिऊ लागला. इतक्या सहजपणे माझं आयुष्य वाया गेल्याचं मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

हे श्रावणजी दिवसभर आरा मशीनवर लाकडं कापत आणि संध्याकाळी टालांच्या, म्हणजे लाकडाच्या वखारींच्या, मागच्या मोकळ्या मैदानावर पोरांना फुटबॉल शिकवत. क्लबला कचेरी नव्हती, कपाट नव्हतं, गवतसुद्धा नव्हतं. पण गोलाचे खांब मात्र अस्सल सागवानाचे होते. "मुंबईच्या क्लबायले बी सागाचे पोल भेटणार नाईत," असं ते नव्या माणसाला हटकून सांगत. त्यांना शिट्टी लागत नसे. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून ते दुसऱ्या टोकाच्या पोराला झापत, "बॉल काय तुह्या आजीनं तुलेच देला हाय का बे? दे न त्याले!" पोरं त्यांना टरकून असत आणि सुट्टीच्या दिवशीही चार वाजल्यापासून त्यांची वाट पाहत बसत.

माझं इंग्रजी अक्षर बरं आहे हे कळल्यावर क्लबची पत्रं लिहिण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. श्रावणजींना मराठी वाचता येई, इंग्रजी नाही. मी लिहायचं आणि खाली त्यांनी देवनागरीत, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही करायची. ते मला 'पुणेकर' म्हणत. "पुणेकर, तुमची मराठी पुस्तकातली हाय. ऐकाले गोड वाटते, पण कामाची नाई," हे त्यांचं मत मला तेव्हा विनोद वाटलं होतं.

त्यांच्या सगळ्या पोरांत एक मनोहर होता, सगळ्यांचा मन्या. एकोणीस वर्षांचा, वडील नाहीत, आई विडीच्या कारखान्यात. दहा वर्षांपूर्वी हा पोरगा शाळेतून घरी जाताना एक दगड लाथाडत चालला होता आणि दगड काही केल्या गटारात पडू देत नव्हता. श्रावणजी त्याच्या मागोमाग थेट घरापर्यंत गेले आणि दारातूनच म्हणाले, "बाई, हा पोट्टा मले देऊन टाक." त्या माउलीने घाबरून पोराला आत ओढलं आणि शेजाऱ्यांना हाका मारल्या. पुढे हा प्रसंग ती हसत हसत सांगायची. श्रावणजींना स्वतःचं मूल नव्हतं. ते तसं कधी बोलत नसत, पण मन्याच्या पायाला चेंडू लागला की त्यांचा झापणारा आवाज बंद व्हायचा आणि ते नुसते पाहत राहायचे.

मी आलो त्याच वर्षी क्लब पहिल्यांदाच शहराच्या शील्डच्या फायनलला पोचला. वीस वर्षं श्रावणजी ज्याच्यासाठी झुरत होते ते तीन आठवड्यांवर येऊन ठेपलं, आणि नेमकं तेव्हाच कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबचं पत्र आलं. त्यांच्या माणसाने सेमीफायनल पाहिली होती. त्यांना मनोहर हवा होता आणि लगेच हवा होता, कारण तिकडे खेळाडूंची नोंदणी बंद होणार होती. मनोहरला तिकडे नोकरी देणार, राहायला जागा देणार. आणि आमच्या क्लबला चेंडूंच्या पेट्या, गोलाच्या जाळ्या आणि सगळ्या पोरांना बूट.

बैठक आरा मशीनवरच्या ओंडक्यांवर बसली. आमच्या क्लबचे चिटणीस गुलाबराव शिंपीकाम करत, माणूस व्यवहारी. ते म्हणाले, "देऊन टाका श्रावणजी. अर्धे पोट्टे अनवाणी खेळून राहिले. एका पोट्ट्यापायी सगळ्यायले बूट भेटतात, अजून काय पायजे?"

"क्लब हाय का बैलबाजार?" श्रावणजी उसळले. "बूट घेऊन पोट्टा देऊ? आन् फायनल कोण खेळन, तू?"

"फायनल एक दिवसाची, पोट्ट्याचं आयुष्य हाय पुढं. इथं राहून काय करन तो? तुमच्यासंगं लाकडं कापन?"

यावर श्रावणजी हातातल्या सालपटाचे तुकडे करू लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "भलं तर त्याचं तिथंच हाय."  शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "पुणेकर, मी विचार करून राहिलो. तसं कळवा त्यायले."

मी घरी येऊन झकास पत्र लिहिलं. 'पूर्ण विचारांती आमचा क्लब मनोहरला आपल्याकडे येण्यास आनंदाने परवानगी देत आहे.' दुसऱ्या दिवशी सकाळी आरा मशीनच्या खडखडाटात श्रावणजींनी त्याच्यावर सही केली, कागदावरचा भुसा फुंकला आणि मी ते पेटीत टाकलं.

आठवड्याभरात कलकत्त्याचा माणूस तिकीट घेऊनच मैदानावर हजर झाला. श्रावणजींचे हात हातात घेऊन हिंदीत त्यांचे आभार मानू लागला. आभार कशाचे ते श्रावणजींना कळेना. त्याने खिशातून पत्र काढून दाखवलं. श्रावणजींनी आपली सही ओळखली आणि मला बाजूला घेतलं. "यात मी काय म्हनलो?"

मी वाचून अर्थ सांगितला.

"हे मी कधी म्हनलो?"

"त्या दिवशी बैठकीत. विचार करून राहिलो, तसं कळवा, असं तुम्हीच म्हणालात ना!"

श्रावणजी माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. "अरे बाप्पा, करून राहिलो म्हंजे अजून करूनच राहिलो न! झाला कुठं होता माहा विचार?"

 पुण्यात 'करून राहिलो' असं कुणी म्हणत नाही. विचार करून झाला आणि माणूस निवांत बसला, असं मी धरून चाललो होतो. तो अजून चालू आहे, हे माझ्या पुस्तकी मराठीला कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "मी आत्ता त्या माणसाला सांगतो, चूक माझी आहे, पत्र रद्द समजा." आणि वळलोही.

मैदानाच्या कडेला मनोहर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. त्याच्या आईने कारखान्यातून सुट्टी घेतली होती आणि ती दिसेल त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत होती. आमच्याकडे पाहून ती हसली आणि तिथूनच तिने श्रावणजींना हात जोडले.

श्रावणजींनी माझा दंड धरला. "राहू द्या पुणेकर. सही माहीच हाय."

मनोहर त्याच आठवड्यात गेला. स्टेशनवर श्रावणजी त्याला एवढंच म्हणाले, "बॉल घेऊन डाव्या बाजूनं येजो, उजवीकडे तुले अडवून ठेवतील." फायनल आम्ही एका गोलाने हरलो. आणि हरल्याच्या चौथ्या दिवशी कलकत्त्याहून पेट्या आल्या. चेंडू, जाळ्या, कोरे करकरीत बूट. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच बोलणं झालं: श्रावणजीनं पोट्टा विकला. टपरीवर त्यांच्या देखत कुणीतरी विचारलं, "काय गा श्रावणजी, आता कोनाचा नंबर?" मला ते ऐकवेना. मी खरं काय ते चारचौघांत सांगून टाकतो म्हणालो, तर ते माझ्यावरच चिडले. "काही सांगू नका. लोकं म्हणतील पुण्याच्या मानसानं पोट्टा विकला. मंग तुमाले लकडगंजात पान बी भेटणार नाई." असं म्हणून स्वतः हसलेही. मला मात्र कितीतरी दिवस त्यांच्यासमोर जायची लाज वाटत होती.

पुढच्या रविवारपासून श्रावणजी सायकल काढून अजनीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये जायला लागले. तिथे एका बंगाली बाबूंकडे कलकत्त्याचा पेपर येई, दोन दिवस शिळा. बाबू वाचून दाखवत, श्रावणजी व्हरांड्यात खाली बसून ऐकत. पुढे पुढे मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. पहिले काही महिने नाव आलंच नाही. मनोहर राखीव खेळाडूंत बसून होता. मग एका रविवारी आलं. तेव्हापासून बाबूंनी वाचायची वाट पाहण्याचीही गरज उरली नाही, कारण श्रावणजींनी बंगाली अक्षरांतलं 'मनोहर' तेवढं डोळ्यांत साठवून ठेवलं होतं. अख्ख्या पानावर बोट फिरवत ते बरोबर तिथे थांबायचे. "हे पाहा पुणेकर, हा बसला आमचा." बाकी त्या पानातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. ते बोट थांबलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा की मी दुसरीकडे पाहायचो.

मनोहरचं खरोखरच चांगलं झालं. तो नावाजला, नोकरीत कायम झाला, तिकडेच लग्न केलं. चार वर्षांनी एकदा तो नागपूरला आला. श्रावणजींनी सकाळीच स्वतःच्या हातांनी मैदानावर चुन्याच्या रेघा मारल्या. पोरांना सांगून ठेवलं, आज मन्या तुमच्यासंगं खेळते. मनोहर आला तो चकचकीत बूट, पँट आणि घड्याळ घालून. त्याने वाकून नमस्कार केला, सगळ्यांची चौकशी केली, आणि चेंडू पुढे केल्यावर ओशाळून म्हणाला, "गुरुजी, मले खेळता नाई येत इथं. पायाले काई झालं तर क्लबवाले सोडणार नाईत." तो खरंच सांगत होता. श्रावणजी लगबगीने म्हणाले, "बरोबर हाय, बरोबर हाय," आणि त्याच्यासाठी खुर्ची आणायला धावले. मनोहर तासभर खुर्चीवर बसून पोरांचा खेळ पाहत होता. श्रावणजी त्याच्या खुर्चीशेजारी उभे होते.

तोवर लोकांच्या बोलण्याचाही रंग बदलला होता. पोट्टा विकला म्हणणारेच आता श्रावणजींचे गोडवे गाऊ लागले. केवढं मन हो माणसाचं! फायनल डोळ्यांसमोर असताना हातातला हिरा देऊन टाकला! एका समारंभात गुलाबरावांनी त्यांना शाल पांघरली आणि त्यागावर भाषण केलं. श्रावणजी शाल सावरत अवघडून बसले होते, चोर पकडला जावा तसे.

आता श्रावणजी नाहीत. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्यात होतो आणि जाणं जमलं नाही, ही खंत आहे. मला आठवतात ते माझ्या बदलीचा हुकूम आल्यानंतरच्या संध्याकाळचे श्रावणजी. मी निरोप घ्यायला मैदानावर गेलो. आम्ही कडेच्या ओंडक्यावर बसलो. पोरं खेळत होती आणि ते, कधी नव्हे ते, कुणालाच झापत नव्हते.

मी म्हणालो, "श्रावणजी, मी तुमच्याकडे कधी माफी मागितली नाही. त्या पत्राची."

"कायची माफी? तुमच्यानं पोट्ट्याचं भलं झालं." मग म्हणाले, "एक सांगतो. लोकं म्हणतात विकला, ते खोटं. लोकं म्हणतात मोठ्या मनानं देला, ते बी खोटं. विचार करून राहिलो म्हनलो न मी, ते बी खोटंच होतं. विचार कायचा? मी नाईच म्हननार होतो. फायनल झाल्यावर बी नाई म्हनलो असतो. पुढच्या साली बी नाई म्हनलो असतो."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, त्याचं भलं तिथेच आहे."

"तर! ते तर मले तवाच समजत होतं." श्रावणजींनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "इथं राह्यला असता तर काय झालं असतं त्याचं? लाकडं कापली असती माह्यावानी. पोट सुटलं असतं. कोनी नाव बी घेतलं नसतं त्याचं. पण सांजच्याले इथं आला असता, पुणेकर. रोज आला असता. मी रोज पाह्यला असता त्याले."