सगळ्यांना सात
पाप्रिका चिप्सचा वास आला की जर्मनीतल्या आखनमधला तो हॉल आठवतो. मला त्या फ्लॅटमध्ये भाड्याने खोली हवी होती आणि तिथल्या तिघींनी मला पारखायला युरोपच्या गाण्यांच्या स्पर्धेच्या संध्याकाळीच बोलावलं होतं. टीव्हीवर मधेमधे स्पर्धेचं शहर, बाझल, आणि त्याची नदी दिसायची. प्रत्येक गाण्याला कागदावर बारापैकी गुण द्यायचे होते. मी सगळ्यांना सात दिले. "म्हणजे तुला एकही आवडलं नाही?" एकीने हसत विचारलं. "सगळीच छान आहेत," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तू चांगली आहेस, पण कशी आहेस ते आम्हाला कळलंच नाही. मी 'ओके' पाठवलं. एक गाणं मला फार आवडलं होतं. अजूनही ते मी घरात एकटी असतानासुद्धा हेडफोन लावूनच ऐकते.