वीसपैकी सहा

तिनं बॅटची मूठ माझ्यासमोर पुसली. ओल्या रुमालानं. आधी मूठ, मग कडा, मग परत मूठ. मी जेमतेम दोन मिनिटं ती बॅट धरली होती. सगळा हॉल बघत होता. ती का पुसतेय, ते सगळ्यांना कळलं होतं.

बी.पी.एड.चं पहिलं वर्ष. नाशिकचं कॉलेज. टेबल टेनिसची प्रात्यक्षिक परीक्षा. मी नांदगाव तालुक्यातल्या खेड्यातली, बौद्धवाड्यातली. खो-खो जिल्ह्याच्या संघातून खेळलेली. टेबल टेनिसचं टेबल मात्र कॉलेजात आल्यावरच पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी दोन तुकड्या एकत्र होत्या. दुसऱ्या तुकडीतल्या काही मुलींकडे स्वतःच्या बॅटा होत्या, चेनच्या कव्हरात. त्यांच्यातल्या एकीला मी म्हटलं, "पाच मिनिटं देशील?" तिनं हसून दिली. तेवढ्यात सरांनी हजेरी घेतली. आडनावासकट. माझं नाव आलं, मी "हजर" म्हटलं. तिनं लगेच हात पुढे केला, बॅट परत घेतली आणि रुमाल काढला.

सरांनी पाहिलं. म्हणाले, "कपाटात कॉलेजची बॅट आहे ना. ती घे."

त्या बॅटचं रबर दोन्ही बाजूंनी निघालेलं. नुसतं लाकूड. सर्व्हिस कशीबशी गेली. टॉपस्पिनला चेंडू फिरेच ना; फिरकी रबरानं बसते. ठक वाजायचा आणि जाळीत. मागे पोरं हसायला लागली. सरांनी वीसपैकी सहा लिहिले. मोठ्यानं म्हणाले, "खो-खो, कबड्डी ठीक आहे. हा डोक्याचा खेळ आहे. तुमच्या लोकांचं काम नाही."

मी म्हटलं, "हो सर." आणि हसले. दात दिसतील एवढं हसले.

रुमालाचं दुःख झालं. पण लाज वाटते ती त्या हसण्याची. अजून वाटते.

घरी फोनवर सांगितलं, चांगलं झालं. वर्षभर त्या टेबलावर राबले. टेबलाची एक बाजू भिंतीसारखी उभी करायची आणि एकटीनंच खेळायचं. पंचवटीतल्या एका ताईनं तिची जुनी बॅट दिली, रबर शाबूत असलेली. तेव्हा पहिल्यांदा चेंडू फिरला. खेळ सुधारला. सोबत बोलणंही बदललं. 'लय' म्हणणं सोडलं. कुणी गाव विचारलं की नुसतं नाशिक सांगायला लागले. सरांनी एकदा पाठ थोपटली. मला बरं वाटलं. हेही लिहिलं पाहिजे. बरं वाटलं.

दुसऱ्या वर्षी सरांनी आम्हाला पहिल्या वर्षाची चाचणी घ्यायला बसवलं. मूल्यमापन शिकण्यासाठी. हातात तक्ता, पेन, गळ्यात शिट्टी. माझ्यासमोर सुरगाण्याकडची एक आदिवासी मुलगी आली. हातात कपाटातली तीच बॅट.

दहा चेंडू मारले तिनं. एकही फिरला नाही. म्हणाली, "ताई, बॉल फिरतच नाय."

मी तक्त्यात पाच लिहिले. मान वर न करता म्हटलं, "हा डोक्याचा खेळ आहे गं. तुमच्या लोकांचं काम नाही."

ती हसली. अगदी माझ्यासारखी.

अंगावर कुणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं. सर माझ्या तोंडातून बोलले होते. मला माहीत होतं लाकडानं चेंडू फिरत नाही. हॉलमध्ये हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी बोलले.

मी उठले. तिच्या हातातली बॅट घेऊन सरांकडे गेले. "सर, या बॅटवर मी गुण देणार नाही. चांगली बॅट द्या, चाचणी परत घेते."

"सही कर आणि जागेवर बस. तुझे अंतर्गत गुण माझ्याकडे आहेत."

मी पाच खोडले. खाली लिहिलं : बॅटला रबर नाही. चाचणी झालेली नाही. त्याखाली सही केली, तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. त्याच दुपारी प्राचार्यांकडे अर्ज दिला. सर गेल्या वर्षी काय बोलले, ते शब्दन् शब्द लिहिलं.

चाचणी परत झाली, रबर असलेल्या बॅटवर. त्या मुलीला चौदा पडले. नळावर ती भेटली तेव्हा मी म्हटलं, "माझं चुकलं."

तिनं बाटली भरली, झाकण लावलं. म्हणाली, "सर बोलतील ते माहीत होतं ताई. तुम्ही बोलाल असं नव्हतं वाटलं." आणि गेली. पुढे वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही. बरोबर केलं तिनं.

माझे अंतर्गत गुण पासापुरते आले. प्राचार्य मॅडमनी दोनदा बोलावलं. "अर्ज मागे घे. तुला शाळेत नोकरी करायचीय. सर माफी मागतील, केबिनमध्ये."

"बोलले हॉलमध्ये, मॅडम," मी म्हटलं.

अर्ज मी मागे घेतलेला नाही. घेणार नाही. पण त्यात एक गोष्ट लिहायची राहिली होती, ती आता जोडून दिली आहे. चौकशीला बोलावतील त्या दिवशी मी दोन्ही वाक्यं सांगणार, सगळ्यांसमोर. आधी सरांचं. मग माझं.