शपथ सोडवणारा फोन

जवळजवळ तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... वर्गात या सगळ्याची इतकी टिंगल करायचे की मुलं मुद्दाम विषय काढायची. त्यामुळे या सदरात माझा अनुभव वाचून माझे जुने विद्यार्थी पोट धरून हसणार. हसा रे बाबांनो. पण झालं ते झालं, आणि माझ्याच घरात झालं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. आम्ही मुलुंड पूर्वेला, तीन मजली बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचो. मजल्यावर चार बिऱ्हाडं, पुढे कॉमन गॅलरी. मुलगी सुमी सात वर्षांची होती, आणि त्याच जानेवारीत तिला डायबेटिस निघाला. सात वर्षांच्या पोरीला! तोवर आमची समजूत, की हा आजार फक्त पोट सुटलेल्या रिटायर्ड लोकांना होतो.

साखर मोजायचं मशीन तेव्हा आमच्या ऐकण्यातसुद्धा नव्हतं. टेस्टट्यूबमध्ये निळं औषध, त्यात सुमीच्या लघवीचे थेंब, आणि ती ट्यूब गॅसवर तापवायची – निळीच राहिली तर झकास, विटकरी झाली तर वाट लागली. एका शेगडीवर ही ट्यूब, दुसरीवर काचेची सिरिंज उकळतेय, आणि चहाचं आधण खाली उतरवून ठेवलेलं. आमच्याकडे फ्रिज नव्हता, म्हणून इन्सुलिनची बाटली शेजारच्या सावंतवहिनींच्या फ्रिजमध्ये, बांगड्यांच्या डब्याशेजारी. आम्ही पक्के शाकाहारी, पण त्या फ्रिजला मी मनातल्या मनात रोज नमस्कार करायचे.

वहिनी सावंतवाडीकडच्या. मजल्यावरचा एकुलता एक फोनही त्यांच्याकडेच. मी शाळेत असले की सुमी त्यांच्या घरी असायची.

आता माझा गाढवपणा सांगते. डॉक्टरांनी पुष्कळ सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात दोनच शब्द राहिले – गोड बंद. मग काय, बाई कामाला लागल्या! बिल्डिंगच्या बाराही दारांवर चिठ्ठी डकवली – ‘सुमीला कोणीही काहीही गोड देऊ नये.’ पण वहिनींचा हात सैल, लाडू दिल्याशिवाय राहणार नाहीत याची मला खात्री. म्हणून एका दुपारी, घरात कोणी नसताना, त्यांना रवळनाथाची शपथ घ्यायला लावली. रवळनाथ म्हणजे त्यांचा ग्रामदेव. माझा देवाबिवावर काडीचा विश्वास नव्हता, पण त्यांचा होता, आणि त्याचा फायदा घेताना मला लाज वाटली नाही.

तसबिरीवर हात ठेवून वहिनी म्हणाल्या, “घेतंय शपथ. पण बाई, एक लक्षात ठेव. शपथ घालणाऱ्यानच ती सोडवूची लागता. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरना मी मोडूचंय नाय.”

“मोडायची वेळच येणार नाही,” मी ऐटीत म्हटलं.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा होती, मला सुपरव्हिजन. आदल्या संध्याकाळी ट्यूब विटकरी झाली होती. घाबरून मी सकाळी इंजेक्शनमध्ये किंचित जास्त औषध भरलं, आणि वर न्याहारीतली अर्धी पोळी काढून घेतली. एकाच सकाळी दोन चुका. सुमीला वहिनींकडे सोडलं आणि शाळा गाठली. पेपर सुरू होण्याआधीपासून तो संपेपर्यंत मी त्या वर्गातून पाऊल बाहेर टाकलं नाही.

तीनच्या सुमारास घरी आले, तर सुमी गॅलरीत लंगडी घालतेय. वहिनी दारातच उभ्या.

“बरा झाला बाई, येळेर फोन केलंस!”

“कसला फोन?”

“कसलो म्हणजे? साडेअकराचो!”

मग सगळं कळलं. अकरानंतर सुमीला दरदरून घाम सुटला. हात थरथरायला लागले, काहीबाही बरळायला लागली, डोळे मिटायला लागले. मजल्यावरच्या बायका जमल्या. कोणी वारा घालतंय, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतंय. बरणीत साखर होती, डब्यात लाडू होते – पण माझी चिठ्ठी सगळ्यांना पाठ! वहिनी नुसत्या रवळनाथाच्या नावाने रडत होत्या. तेवढ्यात फोन वाजला.

माझा आवाज. माझाच तो वर्गात ओरडायचा सूर. “वहिनी, चार चमचे साखर पाण्यात ढवळा आणि सुमीला घोट घोट पाजा. शपथ मी घातली होती, मीच सोडवते. रडणं बंद, आधी साखर!”

वहिनींनी पाजली. पंधरा-वीस मिनिटांत सुमी उठून बसली आणि म्हणाली, “काकू, भूक लागली.”

हे ऐकून मी काय केलं असेन? आरडाओरडा! “साखर? चार चमचे? शपथ घेतली होती ना तुम्ही?”

“गो बाई, तूच सोडवलंस मां! मी खोटा कित्याक बोलू?”

सुमीला उचलून रिक्षाने थेट डॉक्टरांकडे नेलं. ते आधी माझ्यावर चिडले. “घाम, थरथर दिसली म्हणजे रक्तातली साखर फार उतरली, ताबडतोब साखर द्या, हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.” सांगितलं असेल हो, पण त्या दिवशी मला ऐकू काय येत होतं? मग त्यांनी सुमीच्या केसांतून हात फिरवला. “ज्यांनी साखर दिली त्यांना माझा नमस्कार सांगा. पोर वाचली त्यामुळे.”

मी सुमीला घट्ट जवळ ओढलं. कारण वहिनींनी खरंच मला शाळेत गाठलं असतं ना, तर मी काय सांगितलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. ‘अजिबात काही देऊ नका, मी निघालेय.’

जाता जाता डॉक्टर आणखी एक बोलले, तेव्हा तसंच सांगायचे – पुढे लग्न, मूलबाळ याची फार आशा धरू नका. संध्याकाळी वहिनींच्या ओट्याला टेकून मी तेही सांगितलं आणि हमसून रडले. वहिनी काहीतरी बोलायला गेल्या, आणि थांबल्या. मला वाटलं, त्यांनाही रडू येतंय.

फोनचा शोध मी रीतसर घेतला. शाळेतला फोन हेडमास्तरांच्या केबिनमध्ये, तिथून कोणी केला नव्हता. शपथेचं मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं, विज्ञानाच्या बाई शपथा घालत फिरतात म्हणून आयुष्यभर चिडवलं असतं! कोणी नक्कल केली म्हणावी, तर त्याला शपथेचं कळलं कसं?

चिठ्ठ्या बदलल्या. नव्या चिठ्ठीत घामाचं आणि साखरेचं ठळक लिहिलं. त्यानंतर मे महिन्यात सुमीने नुसतं कपाळ पुसलं तरी तीन दारांतून तीन बायका साखर घेऊन धावायच्या. ती वैतागायची, “आई गं, उकडतंय मला, बस्स!” अशी ती बाराही बिऱ्हाडांच्या देखत वाढली, शिकली, नोकरीला लागली, हट्टाने लग्न केलं. आणि चांगल्या डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली, नऊ महिने डोळ्यांत तेल घालून, तिने मला नात दिली. टुणटुणीत!

बारशाला सावंतवहिनी आल्या, सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत. पाळण्यात घातल्याबरोबर नातीने भोकाड पसरलं. विचित्र रडते ती, मध्येच उचकी देऊन. वहिनींनी माझा हात घट्ट धरला.

“बाई... त्या दिवशी फोनवर मागसून असाच एक पोर रडत होता. अशीच उचकी देवन. मी विचारलंय, कोणाचा गो? तर तू हसलंस. म्हणालंस, सुमीचा.”

“इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“डॉक्टरान तसा सांगितलेला... तुका खोटी आशा कशी लावू गो?” वहिनी रडतही होत्या, हसतही होत्या.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. विज्ञानाच्या कुठल्या पुस्तकात असलं तर कळवा, मी अजूनही वाचते. मला एवढंच ठाऊक आहे, की तो फोन मी केलेला नाही... अजून तरी.

हल्ली दुपारी सुमी कामात असते आणि नात माझ्या कडेवर असते. ती रडायला लागली की मी फोन उचलते आणि वहिनींचा तो जुना सहा आकडी नंबर फिरवते. हा नंबर अस्तित्वात नाही, असं तिकडून एक बाई सांगते. तिचं बोलून होईपर्यंत मी थांबते, आणि मग मला सांगायचं ते सगळं नीट, मोठ्या आवाजात सांगते.