गॅरंटी नाही

आमच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी आहे. बाबांनी स्वतःच्या हातानं, लाल ऑइलपेंटनं रंगवलेली. 'गॅरंटी नाही.' बस, एवढंच.

चंद्रपुरात जटपुरा गेटच्या अलीकडे आमचं सीट कव्हरचं दुकान आहे. ऑटोच्या गाद्या, मोटरसायकलच्या सीटा, मोहर्लीच्या सफारी जिप्सींचे हूड, असं सगळं आम्ही शिवतो. गिऱ्हाईक रेक्झिनवर हात फिरवत हमखास विचारतं, "गॅरंटी हाय काय भाऊ?" शेजारचा दुकानदार बेधडक सांगतो, दोन वर्षं. त्याचं रेक्झिन आमच्याच होलसेलवाल्याकडून येतं आणि आमच्याच उन्हात आमच्या आधी फाटतं. बाबा मात्र मशीनवरून मान वर न करता म्हणायचे, "शिलाई पक्की हाय. गॅरंटी नाई." अर्धी गिऱ्हाइकं तिथूनच पाठ फिरवायची.

घरातही तेच. बहिणीला बघायला चामोर्शीहून पाहुणे आले होते. मुलाच्या आईनं सहज विचारलं, "पोरीले सैपाक येते ना?" बाबा म्हणाले, "येते. गॅरंटी नाई." पाहुणे हसले म्हणून निभावलं. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही.

मी त्या पाटीवर तीस वर्षं चिडत आलो. गेल्या दिवाळीला तर मी फ्लेक्सच छापून आणला, 'एक वर्ष गॅरंटी', मोठ्या पिवळ्या अक्षरांत. बाबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मी मेल्यावर लाव." तेव्हापासून तो गुंडाळी करून मशीनमागे उभा आहे.

दुकानाआधी पंधरा वर्षं बाबा हवाई दलात होते. मोहल्ल्यातल्या लोकांना वाटायचं की ते विमान चालवत. "काका, विमानात बसले असान ना लय?" असं कोणी विचारलं की ते सरळ "नाई" म्हणत. त्यांचं काम पॅराशूटच्या घड्या घालायचं. लांबच लांब टेबल, त्यावर पसरलेलं कापड, घडी सरकू नये म्हणून वर ठेवलेल्या वाळूच्या पिशव्या, आणि शेवटी कार्डावर स्वतःची सही. गावाकडचे काका त्यांची टर उडवत. "घड्याच घालाच्या होत्या तं लाँड्रीत लागाचं होतं, एवढ्या दूर काऊन गेला?" बाबा त्यावरही हसत नसत. मला तेव्हा वाटायचं, यांना विनोदच कळत नाही.

आता बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. जिना चढताना धाप लागते म्हणून त्यांना नागपूरला नेलं, तर डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाची एक झडप नीट उघडत नाही, बदलावी लागेल. न बदलता किती दिवस जातील ते सांगता येत नाही. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि "पाहू" म्हणाले. त्या 'पाहू'वर तीन महिने गेले. पहाटेची बस, दवाखान्याची रांग, काखेत फाईल, परतीची बस, आणि घरी आल्यावर बायकोचा प्रश्न, "काय म्हनले मामाजी?" काय म्हणणार? पाहू म्हणाले. मी बावन्न वर्षांचा आहे आणि मला कुठंही टेकलं की झोप लागते. खरं सांगायचं तर एकदोनदा असंही मनात आलं, की नसेल करायचं तर नका करू, पण एकदाचं सांगून टाका. असं मनात आल्याची लाजही वाटली.

मग मागच्या खेपेला तपासणी उरकल्यावर दवाखान्याच्या फाटकात ते अचानक म्हणाले, "इथी कुठीतरी जुनी विमानं ठेवले हायेत म्हनते. दाखव मले. मंग सांगतो तुले, ऑपरेशनच्या कागदावर सही करतो का नाई."

ऑटो करून गेलो. भर दुपार होती. संग्रहालयाच्या आवारात जुनी लढाऊ विमानं सिमेंटच्या ओट्यांवर उभी होती. रंग नवा, पण टायर बसलेले. एकाच्या तोंडात साळुंकीनं काड्या आणून कोंबल्या होत्या. मला वाटलं होतं, बाबा थांबतील, हे अमकं, ते तमकं असं सांगतील, मी मोबाइलवर फोटो काढीन. ते सगळ्या विमानांसमोरून बाजारातून घरी जावं तसे चालत गेले. मी पाण्याची बाटली आणि एक्स-रेची पिशवी घेऊन मागे. मनात म्हटलं, एवढ्यासाठी दीडशे रुपये ऑटोला घातले.

आत हॉलमध्ये एक खुर्ची होती. विमान पडायला लागलं की वैमानिकाला घेऊन बाहेर उडते ती. मुलं तिच्यात बसून दोन बोटं दाखवत फोटो काढत होती. बाबा तिथं थांबले. वाकून त्यांनी पट्ट्याची शिलाई नखानं चाचपली. "हे मागाहून मारली हाय," ते म्हणाले. "असा दोरा नव्हता आमच्याकडं."

देखरेखीला बसलेल्या बाईंनी ते ऐकलं. "बसा ना काका," त्या म्हणाल्या. "बसाले मनाई नाई. पाहा, पॅराशूट मागं पाठीत राहाचं."

"माहीत हाय," बाबा म्हणाले आणि बसले. बराच वेळ ताठच बसले होते. मग हळूच पाठ टेकवली, ताप आलेल्यानं गादीवर टेकवावी तशी.

"पंधरा वर्षं घड्या घातल्या," ते मला म्हणाले. "पाठ आज टेकवली."

फोटोसाठी थांबलेल्या मुलांना त्या बाईंनी दुसरीकडं नेलं. मी बाजूच्या कठड्याला टेकलो. आणि बाबा बोलायला लागले. माझ्याकडं न बघता, समोरच्या भिंतीकडं बघत.

एक वैमानिक होता. वयानं बाबांपेक्षाही लहान. पॅराशूट घेताना रोज विचारायचा, "खुलेगा ना?" आणि बाबा रोज म्हणायचे, "गॅरंटी साहब. नहीं खुला तो वापस लाना, बदलके देंगे." पॅराशूटच्या सेक्शनमध्ये सगळेच हा विनोद करत. हसायचे, सही करायचे, जायचे. एका सकाळी दोघं असेच हसले, आणि जेवायच्या सुट्टीआधी विमान धावपट्टीच्या पुढच्या शेतात पडलं. इतक्या कमी उंचीवरून पडलं की त्याला खुर्चीची मूठ ओढायलाही वेळ मिळाला नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग चौकशी झाली. पॅराशूट तपासाले सेक्शनमधी आणलं. माह्याच टेबलावर ठेवलं." बाबांनी मांडीवर तळहात सपाट केला. "एका बाजूनं जरासं जळलं होतं. घडी मोडली नव्हती. मी घातली होती तशीच होती."

मी एक्स-रेची पिशवी खाली ठेवली.

"वापस आलं ना ते," बाबा म्हणाले. "बदलून देतो म्हनलं होतं. कोनाले देऊ?"

मी म्हणालो, "बाबा, पन तुमची चूक नव्हती ना."

"चूक नव्हतीच. कागदावर तसंच लिवलं हाय. पन बोललो होतो ना मी."

मला काय झालं सांगतो. मला आधी रागच आला. पन्नास वर्षं हा माणूस आमच्याशी हे बोलला नाही. आईला तरी सांगायचं. ती बिचारी जाईपर्यंत म्हणत राहिली, की तुमचा बाप खडूस आहे, त्याच्या तोंडून गोड शब्द निघत नाही. मी स्वतः गिऱ्हाइकांसमोर त्यांची नक्कल करत आलो. मग राग ओसरला आणि फार वाईट वाटलं. मी पाण्याची बाटली त्यांच्या पुढे केली. त्यांनी दोन घोट घेतले, झाकण घट्ट लावलं आणि बाटली उलटी करून पाहिली. ही सवय मी लहानपणापासून पाहत होतो.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. वरोरा मागे पडलं. माझे डोळे मिटत होते.

"काय म्हनते डॉक्टर? उघडत नाई?" त्यांनी विचारलं.

"झडप, बाबा. पूर्ण उघडत नाही."

"अन बदलून देते?"

"हो. बदलून देतात."

ते हसले. आवाज न करता, खांदे हलवत. मग बाहेरची सोयाबीनची वावरं बघत राहिले आणि माझ्याकडं वळून, आमच्या दुकानात गिऱ्हाईक विचारतं अगदी त्याच सुरात म्हणाले, "मी वापस येईन ना घरी? गॅरंटी हाय काय?"

उभ्या आयुष्यात त्यांनी हे कोणाला विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी या वयातला धोका मला कोपऱ्यात घेऊन समजावला होता. संमतीचा कागद माझ्या मांडीवरच्या फाईलमध्ये होता, आणि त्यांच्या सहीखाली मलाही सही करायची होती. खरं उत्तर मला पाठ होतं, तीस वर्षं गल्ल्यावर बसून ऐकलं होतं. पण ते उत्तर दिलं असतं तर त्यांनी सही केली नसती. आणि मला ते हवे आहेत.

"हो बाबा," मी म्हणालो. "गॅरंटी."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मी काय बोललो ते त्या बसमध्ये त्यांच्याइतकं कोणालाच कळलं नसेल. "बरं," ते म्हणाले. "पेन दे." हलत्या बसमध्ये, फाईलवर टेकवून त्यांनी सही केली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. माझी झोप मात्र उडाली.

ऑपरेशन गुरुवारी आहे. आज सोमवार. बाबा घरी पडून आहेत, दुकान मी एकटाच बघतो. सकाळी मोहर्लीचा एक जिप्सीवाला हूड न्यायला आला. त्यानं टाके ओढून पाहिले, उन्हात धरून पाहिले आणि विचारलं, "गॅरंटी हाय काय भाऊ?"

फ्लेक्स हाताच्या अंतरावर होता. मी मशीनवरून मान वर केली नाही.

"शिलाई पक्की हाय," मी म्हणालो. "गॅरंटी नाई."