पिवळी टोपी

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरातल्या भर दुपारी, छावणीतल्या एका बाईला कळा येत असताना दवाखान्याच्या दारातून परत पाठवलं, कारण आधार कार्ड घरी राहिलं होतं, आणि तिचं बाळ रिक्षातच गेलं. आज औरंगपुऱ्याच्या बाजारात पिवळी लोकर दिसली आणि तिचं घर आठवलं. त्या घटनेनंतर दवाखान्याविरुद्धच्या पत्रकासाठी मी तिचा जबाब घ्यायला गेले होते. ती दारात बसून खुंट्यांच्या गोल कड्यावर बाळाची पिवळी टोपी विणत होती. "बस ताई, शिकवते. खुंटीला दोरा परत गुंडाळायचा, खालचा फास आकड्यानं उचलून वरच्या दोऱ्यावरून मागं टाकायचा. लई सोपं हाय." मी करू लागले. कड्याखालून विणकाम लांब बाहीसारखं उतरून तिच्या मांडीवर वेटोळं होऊन पडलं होतं. टोपीला एवढी लांबी कशाला? मी जरा ओढलं, तर तिनं माझा हात धरला. "हळू. झोपलंय ते." वारा नव्हता, मी हात काढला होता, तरी वेटोळं हललं. "बंद कधी करणार?" मी विचारलं. "वरून आवळलं की टोपी झाली. मग घालू कुणाला?" ती अजून विणतेय, आणि दवाखाना अजून म्हणतोय, अशी बाई आलीच नव्हती. हे वाचणाऱ्यांनो, त्या दुपारी दवाखान्याच्या दारात रांगेत तुम्ही उभे होतात. पुढं या, आणि काय पाहिलंत ते सही करून सांगा.