दक्षिणेकडं तोंड करून बसलेलं सोलर

आमच्या महिला दूध संस्थेच्या छपरावर सोलर बसलं त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यातून वीज किती निघाली ते इंजिनिअर साहेबाच्या मोबाइलला माहीत. किस्से किती निघाले ते मला माहीत! बाजारात कुणी भेटलं की म्हणतं, "सुमनबाई, तो एक सांगा ना." एक सांगितला की मागून दुसरा शिंगं हलवत येतोच. म्हटलं, एकदाचे लिहूनच काढावेत. चौथी शिकलेय मी. शुद्धलेखन ज्याला तपासायचंय त्यानं आधी म्हशीची धार काढून दाखवावी.

पण पहिल्यांदा आमची गत ऐका. गाव चकलांब्याकडचं, दुष्काळाचं तिसरं वर्ष. रानात हिरवी काडी नाही, प्यायचं पाणी टँकरचं. राहिलं होतं ते फक्त दूध. गावातल्या चाळीस बायांच्या चुली त्या दुधावर. दूध गार ठेवायला संस्थेत कूलर, म्हणजे दुधाचे कॅन उभे करायची मोठी टाकी. टाकीला लागते वीज, अन् वीज यायची पाहुण्यासारखी, चहा पिऊन लगेच निघायची. दोनदा दूध नासलं. दुधाच्या गाडीवाल्या पाटोळ्यानं तोंडावर सांगितलं, "बाई, तिसऱ्यांदा नासलं तर तुमचं केंद्र बंद. वरून तसा हुकूम हाय."

अध्यक्ष मी. शिव्या मलाच. म्हणून आणलं सोलर.

* * *

इंजिनिअर साहेब पोरगेलेसे, शहरातले. मीटिंगमध्ये म्हणाले, "पॅनलची तोंडं दक्षिणेला राहतील."

झालं! कौसामावशी उठली. ही नात्यानं कुणाचीच नाही, पण साऱ्या गावाची मावशी. चार म्हशी अन् एक तोंड, पाचही चालू.

"दक्षिणेला? आमी घराचं दार करत न्हाई तिकडं. यमाची दिशा हाय ती!"

साहेबांनी सूर्य, पृथ्वी, सगळं पाटीवर काढून दाखवलं. अर्धा तास. शेवटी मावशीनंच बराच विचार केला आणि म्हणाली, "बसवा. यम येणार तिकडनंच. डोळ्यावर चकाकी पडली की बाजूच्या गावाला वळंल!"

ठराव एकमतानं मंजूर!

* * *

उद्घाटनाला पुढारी बोलावले. हार झाला, नारळ झाला. पुढारी म्हणाले, "बटन कुठंय?"

साहेब म्हणाले, "बटन नसतं. ऊन पडलं की आपोआप चालू होतं. सकाळपासून चालूच आहे."

पुढाऱ्यांचं तोंड उतरलं. एवढ्या लांब आलेले, फोटोवाला घेऊन. बटनाबिगर कसलं उद्घाटन? मग वायरमन पळत घरी गेला आणि स्वतःच्या दाराची बेल उपटून आणली. फळीवर ठोकली, वर झेंडूचं फूल.

पुढाऱ्यांनी बटन दाबलं. "टिंगटाँग!"

टाळ्या पडल्या. अन् मागून आमच्या दगडूमामाचा आवाज, "कोण आलंय बघा रे!"

* * *

हा दगडूमामा म्हणजे गावातला सगळ्यात शंकेखोर माणूस. आठवड्याला पॅनल धुवायचं, नाहीतर धूळ बसून वीज कमी होते, असं साहेब सांगून गेले. मी म्हटलं, "साहेब, आमची माणसं आठ दिसाला आंघोळ करायलीत, अन् ह्यांना न्हाऊ घालू?"

पण दुधासाठी काहीही! चार घागरींत पॅनल धुवायचे, खाली पन्हाळ लावून तेच पाणी हौदात धरायचं, अन् म्हशींना पाजायचं. एक थेंब वाया नाही.

मामा भडकला. "माझ्या म्हशीला सोलरचं पाणी? दुधात करंट उतरला तर जिम्मा कुणाचा?"

"मामा, गप पाजा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामा दूध घालायच्या रांगेत उभा. एका हातात बादली. दुसऱ्या हातात वायरमनचा टेस्टर. रांगेतल्या प्रत्येकीच्या बादलीत बुडवून बघत होता!

* * *

डेअरीपाठोपाठ शाळेवरही सोलर बसलं. वर्गात पंखे फिरायला लागले. उन्हाळ्यात गावात दुसरीकडं कुठंच वारा नाही, तर म्हातारे एकेक करत पहिलीच्या वर्गात येऊन टेकले. पोरं पुढं, धोतरं मागं.

गुरुजी कावले. "मामा, आता तुमचीबी हजेरी घेऊ का?"

दगडूमामा पंख्याखाली आडवा होत म्हणाला, "घ्या की. फकस्त पाढे इचारू नका!"

* * *

साहेबांच्या मोबाइलवर आमच्या पॅनलची वीज तिथं शहरात बसून दिसते. एकदा भर दुपारी फोन आला. "ताई, एका रांगेची वीज एकदम कमी झालीय. ढग आलेत का?"

"ढग? तीन वर्षं झाली साहेब, ढगाचं तोंड बघून!"

शिडी लावून वर गेले. पॅनलवर कौसामावशीचं जुनं लुगडं अंथरलेलं, अन् त्यावर कुरडया. ओळीनं, गोल गोल.

"मावशे! हे वाळवण घालायची जागा हाय?"

"कावून न्हाई? सपाट हाय, तापतंय लई, कुत्रं वर चढत न्हाई. आणखी काय पायजे?"

साहेब तपासणीला आले ते रागात. गेले ते पिशवीभर कुरडया घेऊन. पुढं मशीन बघायला यायचे तेव्हा आधी विचारायचे, "मावशी, पापड कधी करणार?"

* * *

आता गारांचा दिवस.

वैशाखातली दुपार. दिवस एकाएकी काळा पडला अन् लिंबाएवढ्या गारा सुरू! सगळे गोठ्याकडं पळाले, मी डेअरीकडं. पॅनल फुटले तर कूलर बंद, कूलर बंद तर दूध गेलं, अन् हे तिसऱ्यांदा. मी रस्त्यात उभी राहून बोंबलले, "गोधड्या आणा गं!"

आळीतून गोधड्या निघाल्या. लग्नातल्या, बाळंतपणातल्या, ठिगळाच्या. कौसामावशी डोक्यावर पाटी उपडी घालून शिडीवर. दगडूमामानं तर अंगाखालची वाकळ आणली. टेस्टर विसरला होता! गारा थांबल्या तेव्हा एक काच तडकली नव्हती. आम्ही बाया छपरावरच फुगडी खेळलो.

गारांनी खांब पडले, गावची लाइट गेली. मी म्हटलं, जाऊ दे, आपलं सोलर हाय!

दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध घेतलं. ऊन फटफटीत. सोलरची वीज साठवणारी बॅटरी रात्रभर चालून दहा वाजता संपली अन् कूलर बंद. कॅन भरलेले, गाडी यायला दोन तास. तेवढ्यात साहेबांचा फोन, रडायच्या बेतात. "ताई, सगळे पॅनल फुटले का हो? वीज शून्य दाखवतेय!"

मी शिडी चढले. एकेका पॅनलवर गोधडी. नीट अंथरलेली, सुरकुती नाही. खाली सावलीत कौसामावशी पान चघळत बसलेली.

"मावशे! गोधड्या काढल्या न्हाईत?"

"वल्ल्या हायत की! वाळल्यावर काढते. ह्याच्यावाणी ऊन दुसरीकडं कुठं लागतंय?"

मी काय बोलले ते लिहीत नाही, पुस्तक पोरं वाचतात. दोघींनी ओढून काढल्या सगळ्या. मी खाली फेकत होते, अन् मावशी उतरून त्याच वल्ल्या गोधड्या दुधाच्या कॅनांना गुंडाळत होती, लेकराला गुंडाळावं तशी. वरून माठातलं पाणी शिंपडलं. तिच्या घरचं, प्यायचं.

गाडी आली. पाटोळ्यानं गोधड्या बघितल्या. भांड्यात दूध घेतलं, स्टोव्ह पेटवला. उकळून फाटलं की केंद्र बंद. चाळीस बाया त्या भांड्यात बघत उभ्या. दगडूमामानं डोळे मिटले.

दूध वर आलं. साय धरली.

पाटोळे म्हणाला, "भरा."

बॅटरी भरेस्तोवर अडून बसलेलं मशीन सुरू झालं, आत कूलर घरघरला अन् परत फोन वाजला. माझे दोन्ही हात कॅनला. मावशीनं माझा फोन उचलला. साहेब तिकडून ओरडत होते, "चालू झाले! सगळे पॅनल एकदम चालू झाले! काय केलं हो तुम्ही?"

मावशीनं पान गालात सरकवलं.

"काय न्हाई, लेकरा. ऊन डोक्यावर आलं तरी पांघरूण घेऊन पडलेती समदे. उठवले!"